बिल्ला, मुसके आणि लस

शहरात कुत्रा पाळायचा तर महानगरपालिकेचा परवाना काढावा लागतो, हे पुष्कळांना ऐकून माहीत असते. परवान्यासाठी अर्ज करताना रेबीजची लस टोचल्याचा दाखला जोडावा लागतो. परवाना मिळाला की एक क्रमांक मिळतो. काही ठिकाणी त्या क्रमांकाचा बिल्लाही मिळतो. तो कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवायचा. रस्त्यावर नेताना कुत्रा साखळीने धरलेला असावा, अशीही अपेक्षा असते. हे नियम कशासाठी, असे वर्गात विचारले तर 'कुत्रा हरवू नये म्हणून', 'चावू नये म्हणून', 'पालिकेला पैसे मिळावेत म्हणून' अशी तिन्ही प्रकारची उत्तरे येतात. गंमत अशी, की इतिहासात ही तिन्ही उत्तरे कधी ना कधी बरोबर होती.

परवाना, साखळी आणि लस हे तीन नियम एकाच वेळी जन्माला आलेले नाहीत. पहिला तिजोरीतून निघाला, दुसरा भीतीतून आणि तिसरा प्रयोगशाळेतून. ते एकत्र कसे आले, एकत्र आल्यावर काय साधले, आणि आपल्या देशात ते अपुरे का पडले, हे या लेखात पाहू या.

मातीच्या विटेवरचा कायदा

आजच्या इराकमध्ये, बगदादजवळ तेल हरमल या ठिकाणी १९४५ आणि १९४७ साली केलेल्या उत्खननात मातीच्या दोन विटा सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना या प्राचीन नगरराज्याचे कायदे कोरलेले आहेत. ते सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातले एक कलम कुत्र्याविषयी आहे. एखाद्याचा कुत्रा पिसाळलेला असेल, वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तशी समज दिली असेल, तरीही मालकाने कुत्र्याला आवरले नाही आणि तो चावून माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी द्यावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर १५ शेकेल.

गुलामाच्या जिवाची किंमत कमी धरणारा हा कायदा आज आपल्याला टोचतो. पण त्यातली रचना पाहण्याजोगी आहे. कुत्र्याला मालक आहे. धोका ओळखणारे अधिकारी आहेत. ते आधी सूचना देतात. सूचना मिळाल्यानंतर जबाबदारी मालकाची ठरते. आजच्या महानगरपालिकेच्या नियमांचा सांगाडा याहून फारसा वेगळा नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने माणूस मरतो, हे आपल्याकडेही फार पूर्वीपासून माहीत होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या रोगाचे वर्णन आहे. रोग्याला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, असे तेथे नोंदवले आहे. मराठीत आपण त्याला अलर्क रोग म्हणतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, ही स्थिती आजही बदललेली नाही. जगभरात असे वाचलेले रोगी बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. म्हणूनच या रोगाच्या इतिहासात औषधापेक्षा नियमांना अधिक महत्त्व आले.

परवाना आला तिजोरीतून

कुत्र्यांची सरकारी नोंद ठेवण्याची सुरुवात मात्र आरोग्यासाठी झाली नाही. इंग्लंडमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला. तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि सरकारला पैसा हवा होता. कर बसवताना पिसाळलेल्या कुत्र्यांचा उल्लेख झाला. पण कुत्रा ही चैनीची वस्तू आहे, तर तिच्यावर कर का नसावा, हा विचार प्रबळ होता. १८६७ साली कराऐवजी पाच शिलिंगांचा वार्षिक परवाना आला. १८७८ मध्ये तो साडेसात शिलिंगांचा झाला. पुढे एका शतकाहून अधिक काळ ही रक्कम जवळपास तेवढीच राहिली. नव्या चलनात ती ३७ पेन्स होत असे. ती गोळा करण्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होऊ लागला, तेव्हा १९८७ साली ब्रिटनने परवानाच रद्द केला. २०१६ पासून तेथे कुत्र्याच्या कातडीखाली क्रमांकाची चिप बसवणे सक्तीचे झाले. म्हणजे कर गेला, पण क्रमांक पुन्हा आला. क्रमांकाची खरी गरज कशासाठी आहे, ते पुढे पाहू.

मुंबई, १८३२

नियम चांगल्या हेतूने केला, पण लोकांना न विचारता राबवला, तर काय होते याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले.

भटकी कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत पोलिसांनी मोकाट कुत्री मारावीत, अशी ती तरतूद होती. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारणाऱ्यांचा उत्साहही वाढला. घरांच्या आवारातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतही त्याला मान आहे. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांना जीवहत्या सहन होणारी नव्हती. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा दाणागोटा अडला आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि सेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. बेवारशी कुत्र्यांना मारण्याऐवजी आसरा देणे हा तिच्या स्थापनेमागचा एक हेतू होता. पुढे याच दयाबुद्धीच्या परंपरेतून आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय उभे राहिले. मुंबईकर त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखतात.

आज भटक्या कुत्र्यांवरून आपल्या गल्ल्यांमध्ये, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत जो वाद चालतो, त्याची दोन्ही टोके १८३२ मध्येच दिसतात. एका बाजूला पिसाळलेल्या कुत्र्याचे खरेखुरे भय आणि दुसऱ्या बाजूला मुक्या प्राण्याविषयी खरीखुरी कणव. त्या वेळी या दोहोंमधला मार्ग कोणालाच माहीत नव्हता. तो दाखवणारे शास्त्र यायला अजून अर्धशतक होते.

पाश्चर यांचा हिशेब

६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातून जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आणले गेले. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. रोगाने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून पाश्चर यांनी रोगकारकाचा जोर कमी करण्याची पद्धत बसवली होती. त्या द्रव्याच्या तेरा मात्रा जोसेफला दिल्या गेल्या. मुलगा वाचला.

रोग शरीरात शिरल्यानंतर लस देऊन काय उपयोग, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. उत्तर रोगाच्या चालीत आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून पसरत नाही. तो जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला सहसा काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या काळात लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली तर विषाणू मेंदूपर्यंत पोचत नाही. ही एक शर्यत आहे. चेहऱ्यावरचा किंवा डोक्यावरचा चावा अधिक घातक का, हेही यावरून समजते: तेथून मेंदू जवळ असतो. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकी असल्याने त्यांना असे चावे अधिक बसतात. या रोगाने दगावणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे असण्याचे हे एक कारण आहे.

माणसाला चाव्यानंतर लस देण्यापेक्षा कुत्र्यालाच आधी लस दिली तर? हा विचार पाश्चर यांनीही केला होता. त्यांचे आधीचे प्रयोग कुत्र्यांवरच झाले होते. पण एकट्या पॅरिसमध्ये सुमारे एक लाख कुत्री होती आणि उरलेल्या फ्रान्समध्ये त्याहून कितीतरी जास्त. एकेका कुत्र्याला अनेक मात्रा द्यायच्या, त्यासाठी ससे पाळायचे, हे अशक्यच होते. म्हणून त्यांनी माणसाची लस आधी सिद्ध केली. कुत्र्यांसाठी एकाच मात्रेची, मोठ्या प्रमाणावर वापरता येईल अशी लस जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ च्या सुमारास तयार केली.

लसीविना विजय

मधल्या काळात ब्रिटनने एक वेगळाच प्रयोग केला. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून आपल्याकडे त्याच्या तोंडाला मुसके बांधतात. तशी मुसकी सार्वजनिक जागी प्रत्येक कुत्र्याला बांधण्याची सक्ती तिथल्या सरकारने केली. आधी हे नियम ठिकठिकाणी, तुटकपणे लागू होते. एका परगण्यात सक्ती आणि शेजारच्यात सूट, अशा व्यवस्थेत रोग हद्द ओलांडून परत येई. १८९७ मध्ये कृषिमंत्री वॉल्टर लाँग यांनी मोठ्या प्रदेशांवर एकसारखी सक्ती आणली. श्वानप्रेमींनी कडाडून विरोध केला. मुसके म्हणजे क्रूरता, श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांना सूट आणि गरिबाच्या कुत्र्याला शिक्षा, असे आक्षेप आले. त्यांत थोडे तथ्यही होते. पण १९०२ पर्यंत रोग संपला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांबरोबर चोरून आलेल्या कुत्र्यांमुळे तो पुन्हा शिरला आणि १९२२ पर्यंत पुन्हा हटवला गेला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कुत्र्यांना एकही लस न टोचता हे साधले. रोग चाव्यातून पसरतो. चावाच बंद केला की साखळी तुटते. अर्थात ब्रिटन हे बेट आहे. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने वेगळे ठेवण्याचा कडक नियम तेथे राबवता आला. शिवाय बहुतेक कुत्र्यांना मालक होता. या दोन अटी विसरून चालणार नाही.

तिन्ही नियम एकत्र: जपान

बिल्ला, साखळी आणि लस या तिन्हींची सांगड जपानने घातली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तेथील रोगनियंत्रण कोलमडले होते आणि रेबीज वाढला होता. १९५० साली रेबीज प्रतिबंधक कायदा झाला. प्रत्येक कुत्र्याची नोंदणी, वर्षातून दोनदा लस, आणि मोकाट कुत्री पकडणे अशी त्याची तीन कलमी रचना होती. सातच वर्षांत, १९५७ मध्ये, जपानमधील शेवटच्या रोगी प्राण्याची नोंद झाली. त्यानंतर आढळलेले मोजके रुग्ण परदेशात कुत्रा चावून आलेले होते.

जपानच्या यशाचे श्रेय नुसत्या लसीला देणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. पकडलेली बेवारशी कुत्री तेथे मोठ्या प्रमाणावर मारली गेली. आपल्याकडे १८३२ पासून जो प्रश्न उभा आहे, तो जपानने आपल्या पद्धतीने सोडवला. ती पद्धत आपल्या समाजाने स्वीकारलेली नाही.

आता क्रमांकाच्या गरजेकडे येऊ. रोगी कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणे दिसण्याच्या थोडे दिवस आधी. आणि लक्षणे दिसल्यावर कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे म्हणता येते. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची. दहा दिवस वाट पाहत थांबायचे नाही. कुत्रा निरोगी राहिला तर पुढचे उपचार डॉक्टर थांबवू शकतात. हे निरीक्षण शक्य व्हायला तो कुत्रा सापडला पाहिजे. बिल्ला म्हणजे कुत्र्याचा पत्ता. तिजोरीसाठी सुरू झालेली नोंद अशी आरोग्याच्या कामी आली.

परदेशांत कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी खास उद्याने असतात. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ साली असे पहिले उद्यान सुरू झाले. आपल्याकडे हैदराबाद महानगरपालिकेने २०१८ मध्ये एक सुरू केले. अशा उद्यानांत लस झालेल्या कुत्र्यांनाच प्रवेश असतो. आत साखळी सोडता येते, कारण बाहेर बाकीचे दोन नियम पाळले गेलेले असतात.

मालक नसलेला कुत्रा

भारतात या रोगावर काम लवकर सुरू झाले. १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाने विषाणू मारून, एक लस तयार केली. पोटात चौदा इंजेक्शने म्हणून मागच्या पिढीला आठवते ती हीच. तिने असंख्य जीव वाचवले. पण मेंदूच्या ऊतीमुळे काहींना पक्षाघातासारखे दुष्परिणामही झाले. २००४ च्या अखेरीस भारताने तिचे उत्पादन थांबवले. आजची लस पेशींवर वाढवलेली असते आणि दंडावर, मोजक्याच वेळा टोचतात.

तरीही देशात आजही दरवर्षी हजारो माणसे या रोगाने मरतात. पूर्वी हा आकडा सुमारे २०,००० सांगितला जाई. २०२२-२३ च्या देशव्यापी पाहणीवरून केलेला अंदाज सुमारे ५,७०० चा आहे. तोही टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा आहे.

आपली अडचण अशी, की वर सांगितलेला प्रत्येक नियम मालकाला उद्देशून आहे, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य कुत्र्यांना एक मालक नसतो. गल्लीतला कुत्रा कोणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. एक घर भाकरी टाकते, दुसरे पाणी ठेवते, तिसरे दगड मारते. परवाना कोणी काढायचा? अनेक वर्षे पालिकांचे उत्तर 'मारा' हेच होते. पण कुत्री मारल्याने मोकळ्या झालेल्या जागी नवी येत राहिली आणि रोग हटला नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली नवे नियम आले: पकडा, निर्बीजीकरण करा, लस टोचा आणि त्याच भागात परत सोडा. २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढण्यात आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला; अकरा दिवसांत तो बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस टोचून परत सोडावे असे सांगितले; आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांमधून कुत्री हटवण्याचा आदेश दिला. १८३२ चा वाद अजून संपलेला नाही, तो असा.

निर्बीजीकरण आणि लस झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच पाडतात. शाळेच्या वाटेवर विद्यार्थ्यांनी ती पाहिली असेल. गल्लीतल्या कुत्र्याचा तोच बिल्ला.

सत्तर टक्क्यांचे गणित

मालक नसतानाही हे साधता येते का? गोव्याने ते दाखवून दिले. २०१३ पासून तेथे राज्य सरकार आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने मोहीम सुरू झाली. पथके जाळी घेऊन वाडीवाडीत फिरली. मोबाइलवरील नकाशात प्रत्येक टोचलेल्या कुत्र्याची नोंद झाली. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचून सत्तर टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रोग ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला. या मोहिमेतली शिक्षणपथके दरवर्षी दीड लाख मुलांपर्यंत पोचत होती, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

सत्तरच का, हे वर्गात सोडवण्याजोगे गणित आहे. एक रोगी कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतो. समजा, दीड कुत्र्यांना. यातल्या एक तृतीयांश कुत्र्यांना लस असेल तर तो फक्त एकाला देईल. त्याहून जास्त असेल तर एकाहून कमी, म्हणजे साथ विझत जाईल. मग ३४ टक्के पुरेत की! पण रस्त्यावरचा कुत्रा अल्पायुषी असतो. समजा, वर्षभरात एक तृतीयांश कुत्री मरतात आणि त्यांच्या जागी लस नसलेली पिल्ले येतात. हजारांत ७०० जणांना टोचले, तर वर्षअखेर सुमारे ४६७ उरतील. हे ४७ टक्के, म्हणजे अजून सुरक्षित. ४०० जणांनाच टोचले, तर उरतील २६७, म्हणजे २७ टक्के. साथ परत येईल. मोहीम अर्धवट केली तर पैसा खर्च होतो आणि फळ मिळत नाही, ते यामुळे. लस टोचलेली कुत्री मारून टाकली तर हाच आकडा आपण आपल्या हाताने खाली आणतो, हेही याच गणितातून निघते. अंक बदलून विद्यार्थ्यांना ते करून पाहू द्यावे.

आपल्या शाळेच्या परिसरात किती कुत्री आहेत, त्यांपैकी कितींच्या कानाला खाच आहे, हे मुले लांबून, कुत्र्यांच्या जवळ न जाता, मोजू शकतील. तो आकडा पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पत्राने कळवता येईल. आणि एक गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असलीच पाहिजे. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. तिखट, हळद, चुना काही लावायचे नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. जखमेतून रक्त आले असेल तर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. त्याची आठवण डॉक्टरांना करून द्यायची. पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. मार बसेल म्हणून मुले चावा लपवून ठेवतात. पुष्कळ मृत्यूंच्या मुळाशी हेच लपवणे असते. एश्नुन्नाच्या अधिकाऱ्यांनी मालकाला आधी सांगून ठेवायचे असा कायदा होता. आपल्याला मुलांना आधी सांगून ठेवायचे आहे: चावा सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही.